समजून घ्या : नव्या झुडपाला नाव ठेवायचे कसे, आणि कोणाचे?

रहिमतपूर : आपल्या कोरेगाव तालुक्यात नुसते ‘घेवडा’ म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो वाघ्या घेवडा. दाण्यावर वाघासारखे पट्टे असलेला, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेला. पुण्याच्या मंडईत मात्र ‘श्रावण घेवडा’ मागितला, तर कोवळ्या हिरव्या शेंगा, म्हणजे फरसबी पिशवीत पडते. उत्तरेत सुक्या दाण्याची रसरशीत भाजी होते आणि तिला राजमा म्हणतात. आणखी एखाद्या गावात घेवडा म्हणून चक्क वालाच्या शेंगा पुढे येतात.

गंमत अशी, की यातले पहिले तिन्ही एकाच जातीचे आहेत. वनस्पतिशास्त्रात त्या जातीचे नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. चौथा मात्र वेगळाच, लॅबलॅब परप्युरियस. बोलीतली नावे गावोगाव बदलतात, एकाच नावाखाली दोन झाडे येतात आणि एका झाडाला दहा नावे असतात. त्यात काही चूक नाही, बाजार त्यावरच चालतो. पण झाड दुर्मीळ आहे की नाही, औषधी आहे की विषारी, ते तोडायला परवानगी लागते की नाही, हे ठरवायचे तर सगळ्यांना एकच नाव लागते. ते नाव लॅटिन पद्धतीचे असते आणि ते देण्याचे कायद्यासारखे काटेकोर नियम आहेत.

हे नियम एरवी कोणी वाचायला जात नाही. पण २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात एका नव्या फुलझाडाच्या नावाची चर्चा वनस्पतिशास्त्राच्या वर्गाबाहेर, पार चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. त्या झाडाचे नाव ‘आर्गीरिया शरदचंद्रजी’.

रामलिंगच्या डोंगरातले झाड

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या बळवंत महाविद्यालयातील डॉ. प्रमोद लावंड आणि कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधील डॉ. विनोद शिंपले या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही जाती विज्ञानासमोर आणली. झाड सापडले बालाघाटच्या रांगेत, रामलिंगच्या डोंगरात. रामलिंगचे देवस्थान धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ आहे. सह्याद्रीच्या धुक्यातला हा मुलूख नव्हे. पाऊस बेताचा, झाडी पानगळीची. पावसाळा सरला की बराचसा डोंगर करडा पडतो.

आर्गीरिया हे कुटुंब आपल्याला अगदीच परके नाही. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रशोक, म्हणजेच वृद्धदारू, याच वंशातला. रताळे, गणेशवेल, हरणखुरी ही सगळी त्याची भावकी. यातली बरीचशी झाडे बुंध्याशी लाकडासारखी कठीण असतात आणि वरचे शेंडे वेलीसारखे शेजारच्या झाडावर रेलतात. म्हणून त्यांना कोणी झुडूप म्हणते, कोणी वेल. फुले नरसाळ्यासारखी. पानाच्या मागच्या बाजूला चंदेरी लव असते, त्यावरूनच वंशाचे नाव पडले. ग्रीकमध्ये ‘आर्गीरिऑस’ म्हणजे रुपेरी. पोर्तुगीज धर्मप्रसारक आणि वनस्पतितज्ज्ञ लुरेरो याने ते १७९० मध्ये दिले.

नावाचा दुसरा भाग ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्यावरून आहे. कृषी क्षेत्रातील त्यांच्या कामाचा गौरव म्हणून तो दिल्याचे तेव्हा सांगितले गेले. नव्या जातीचे वर्णन ‘ऱ्हीडिया’ या भारतीय संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

बातमी आली तशी दोन्हीकडून प्रतिक्रिया आल्या. एकाला अभिमान वाटला, दुसऱ्याने ‘आता झाडांतही राजकारण’ म्हणून कपाळाला हात लावला. दोघांच्याही मनात एक समज होता, की असे नाव द्यायला कुठून तरी सरकारी मंजुरी लागत असणार. तसे नाही.

मंजुरी कोण देते?

कोणीच नाही. वनस्पतींच्या नावांसाठी दिल्लीत किंवा जिनिव्हात कुठलेही नोंदणी कार्यालय नाही. आहे ती एक आंतरराष्ट्रीय नियमावली. साधारण सहा वर्षांनी जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ एकत्र येऊन ती सुधारतात. नियम पाळून नाव छापले गेले, की ते वैध. नियम मोडला, तर कितीही मोठ्या माणसाने दिलेले असो, ते नाव नावच नव्हे.

नियमांचा गाभा एका कागदात आहे, आणि तो कागद म्हणजे शोधनिबंध नव्हे. नव्या झाडाची फुलापानांसह फांदी तोडून, दाबून, वाळवून ती जाड कागदावर चिकटवतात. कागद साधारण वर्तमानपत्राच्या घडीएवढा. कोपऱ्यात चिठ्ठी असते. कुठे सापडले, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केले, नमुना क्रमांक किती. अशा अनेक नमुन्यांतला एक निवडून ‘हाच मूळ नमुना’ असे छापील जाहीर करावे लागते आणि तो कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला आहे तेही सांगावे लागते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे असे संग्रह आहेत. लोखंडी कपाटे, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कपाटात हजारो झाडे आडवी निजलेली.

नाव चिकटते ते खरे तर त्या एका वाळक्या फांदीला. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, की डोंगरातले हे झाड तेच का, तर निकाल वर्णनावर लागत नाही. कपाट उघडून मूळ नमुन्याशी ताडून बघायचे. जमिनीच्या वादात शेवटी मोजणीचा नकाशा काढतात, तसे.

दुसरी अट फरक दाखवण्याची. जवळच्या नातलगांपेक्षा हे झाड कशात वेगळे आहे, ते स्पष्ट लिहायचे. आर्गीरियाच्या बाबतीत हे काम किचकट आहे, कारण लांबून सगळी फुले सारखीच दिसतात. फुलाखालची छोटी पाने, निदलांचा आकार, लव कुठे आहे आणि कुठे नाही, असले बारकावे भिंगाखाली मोजावे लागतात. आणि फूल, फळ, दोन्ही पाहिल्याशिवाय खात्रीने काही बोलता येत नाही. फूल पावसाळ्यात, फळ नंतर. एका चकरेत भागत नाही, त्याच डोंगरावर पुन:पुन्हा जावे लागते. एक हंगाम हुकला, तर वर्ष गेले.

पूर्वी हे वर्णन लॅटिनमध्येच लिहावे लागे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते आणि छापील अंकाऐवजी ऑनलाइन पीडीएफही. ग्रामीण महाविद्यालयात शिकवणाऱ्या संशोधकाला ही सवलत किती मोठी, हे ज्याने लॅटिन व्याकरणाशी झोंबी घेतली आहे त्यालाच कळेल.

‘जी’चे काय झाले?

रोमन लिपीत ‘शरदचंद्रजी’ लिहिताना शेवटी दोन ‘आय’ येतात. अनेकांना ती छपाईतली चूक वाटली. चूक नाही, उलट मराठी माणसाला मौज वाटावी अशी गोष्ट आहे. पुरुषाच्या नावावरून जातीचे नाव करायचे, तर लॅटिनच्या षष्ठीप्रमाणे शेवटी एक ‘आय’ जोडतात, म्हणजे ‘अमक्याचे’. इथे मूळ नावालाच आदरार्थी ‘जी’ लावलेला आहे. त्या ‘जी’तला एक ‘आय’ आपला, दुसरा लॅटिनचा. आपला ‘जी’ असा थेट लॅटिन व्याकरणात जाऊन बसला.

स्त्रीच्या नावावरून असेल, तर शेवट वेगळा होतो. कास-पाचगणीकडच्या सड्यांवर फुलणाऱ्या एका दीपकाडीचे नाव ‘डिपकाडी उर्सुली’. शेवटचे रोमन ‘एई’ सांगते, की उर्सुला ही बाई होती. विशेषणासारखे नाव करायचे तर ‘-इयाना’ लावतात. २०२३ मध्ये विशाळगडावरून वर्णन झालेल्या कंदीलपुष्पाला छत्रपती शिवाजी महाराजांवरून ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव मिळाले, ते या पद्धतीने. आणि गावावरून नाव द्यायचे, तर शेवटी ‘-एन्सिस’. कासच्या वायतुऱ्याचे नाव १९८२ पासून ‘अपोनोजेटॉन साताऱ्हेन्सिस’ आहे. उच्चार बोबडा वाटला तरी त्यात सातारा आहे, आणि जगातल्या कुठल्याही वनस्पतिसूचीत तो तसाच राहणार आहे. पाचगणीचेही एक आमरीवर्गीय फूल आहे, ‘हॅबेनेरिया पाचगणीएन्सिस’.

हयात माणसाचे, तेही सत्तेतल्या माणसाचे नाव चालते का?

नियम याला आडवा येत नाही. जातीच्या नावासाठी कोणाचा सन्मान करावा, यावर बंधन नाही. वंशाच्या, म्हणजे पहिल्या नावाच्या बाबतीत नियमावली एवढेच सुचवते, की निसर्गविज्ञानाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशांची नावे देऊ नयेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

‘आता झाडांतही राजकारण’ म्हणणाऱ्यांनी थोडे मागे, आपल्याच साताऱ्यात यावे. १८४७ मध्ये बार्टल फ्रिअर नावाचा इंग्रज अधिकारी साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून आला. पुढच्याच वर्षी छत्रपती शहाजीराजे, म्हणजे अप्पासाहेब महाराज वारले. दत्तक नाकारून डलहौसीने राज्य खालसा केले. दत्तकाचा हक्क मानावा असे फ्रिअरचे मत होते, ते चालले नाही, आणि खालसा झालेल्या मुलुखाचा कारभार त्यालाच पाहावा लागला. हाच फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला.

त्याच काळात मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात निकोल डॅल्झेल हा वनस्पतितज्ज्ञ अधिकारी होता. जुन्नर भागातल्या कातळावर उगवणारी, मांसल देठांची आणि चांदणीसारख्या लालसर फुलांची एक अनोखी वनस्पती त्याने अभ्यासली. ती आपल्याकडे ‘शिंदळ माकुडी’ म्हणून ओळखली जाते. १८६५ मध्ये तिला त्याने नाव दिले ‘फ्रेरिया इंडिका’. फ्रिअर तेव्हा गव्हर्नरच्या खुर्चीत होता आणि डॅल्झेल त्याच्याच सरकारचा नोकर. म्हणजे नोकराने धन्याचे नाव फुलाला दिले. नुसत्या जातीला नव्हे, अख्ख्या नव्या वंशाला. फ्रिअरला निसर्गाची आवड होती की नाही, हा वाद बाजूला ठेवू, पण गव्हर्नर नसता तर फूल त्याच्या वाट्याला आले असते का, हा प्रश्न मला तरी पडतो.

पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. नंतरच्या अभ्यासकांनी ठरवले, की हा वंश स्वतंत्र नाही, तो दुसऱ्या वंशात विलीन करावा. फ्रेरिया हे नाव त्यांच्या यादीतून गेले. पण जातीच्या जागी फ्रिअर परत आला, आज अनेक सूचींत ती ‘बौसेरोसिया फ्रेरी’ म्हणून आहे. साम्राज्य गेले, वंश गेला, साहेब मात्र फुलाला धरून आहे. आपल्या लोकांनी तिला ‘शिवसुमन’ असेही नाव दिले आहे, ते बोलण्यात रुळले, पण लॅटिन यादीत त्याला जागा नाही.

मग दिलेले नाव बदलते तरी केव्हा?

माणूस लोकप्रिय राहिला नाही, पक्ष बदलला, सरकार पडले, म्हणून बदलत नाही. बदलते ते शास्त्रीय कारणाने, आणि ती कारणे मुख्यतः दोन.

एक म्हणजे आधी कोणी नाव दिले होते ते सापडणे. १ मे १७५३ ही वनस्पतींच्या नावांची आरंभ तारीख धरतात, लिनिअसचा ग्रंथ त्या तारखेचा मानतात. तेव्हापासून ज्याचे वैध नाव आधीचे, त्याचा हक्क पहिला. महाबळेश्वर-आंबोलीकडच्या नरक्याचे उदाहरण घ्या. याच्यातून कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन मिळते, म्हणून त्याच्यावर बेसुमार कुऱ्हाड चालली. हे झाड बराच काळ ‘फीटिडा’, म्हणजे दुर्गंधी, या नावाने पुस्तकांत होते. मग लक्षात आले, की मुंबईच्या जॉन ग्रॅहमने १८३९ च्या आपल्या वनस्पतिसूचीत त्याला निम्मो या गृहस्थावरून आधीच नाव दिले होते. दुर्गंधी मागे पडली आणि झाड ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ झाले. पण जुने नाव जुन्या पुस्तकांत, औषध कंपन्यांच्या कागदांत राहतेच. यादीत एक नाव आणि पोत्यावर दुसरे असले, की तपासणाऱ्याची फसगत होऊ शकते. नाव हा निव्वळ पंडिती विषय नाही, तो इथे कळतो.

दुसरे कारण नातेसंबंध नव्याने कळणे. आपली कारवी पाहा. ब्रेमेकॅम्प या डच अभ्यासकाने १९४४ मध्ये तिच्यासाठी वेगळा वंश केला आणि नाव ठेवले ‘कार्व्हिया’. मराठी ‘कारवी’चेच ते लॅटिन रूप. डोंगरातल्या माणसाचा शब्द जगाच्या यादीत गेला. नंतर बहुतेकांनी तिला पुन्हा जुन्या ‘स्ट्रोबिलँथस’मध्ये टाकले आणि आपला शब्द उपनावांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मला याचे खरोखर वाईट वाटते, पण विज्ञानाला त्याचे काही नाही.

रामलिंगच्या झुडपावरही ही वेळ येऊ शकते. रताळ्याच्या भावकीचा जनुकीय अभ्यास करणाऱ्या काहींचे म्हणणे आहे, की आर्गीरिया हा वेगळा वंश न मानता रताळ्याच्या ‘आयपोमिया’ वंशात घ्यावा. ते सर्वांनी मान्य केलेले नाही. उद्या केलेच, तर पहिले नाव जाईल, दुसरे राहील, आणि मूळ लेखकांची नावे कंसात जातील. शास्त्रीय नावापुढे कंसातले नाव दिसले, तर ओळखायचे, की या झाडाने एकदा घर बदलले आहे.

अपमानास्पद नावांचा मात्र वेगळा विचार आता सुरू झाला आहे. २०२४ मध्ये माद्रिदला भरलेल्या परिषदेत आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी शिवी म्हणून वापरला गेलेला ‘काफ्रा’ हा शब्द बदलून ‘आफ्रा’ करण्याचे ठरले. दोनशेहून अधिक नावांना त्याचा फटका बसला, त्यात आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकी भाऊही आहे. २०२६ पासून प्रसिद्ध होणारी नावे अवमानकारक ठरली, तर ती नाकारता येतील. पण हे पुढच्या नावांसाठी. मागच्या सगळ्या साहेबांना यादीतून काढायला बहुतेकांची तयारी नाही. नावे सतत बदलत राहिली तर नाव ठेवण्याचा हेतूच बुडेल, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

डोंगर दाखवणाऱ्याचे नाव?

ज्या ‘ऱ्हीडिया’ पत्रिकेत रामलिंगचे झुडूप छापले गेले, तिचे नावही एका सत्ताधीशावरूनच आहे. व्हान ऱ्हीड हा सतराव्या शतकातला मलबारचा डच गव्हर्नर. त्याच्या पुढाकाराने ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. झाडांची माहिती दिली ती मात्र इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी. त्या तिघांचे नागरी लिपीतले निवेदन ग्रंथात छापलेले आहे. ऱ्हीडने त्यांची नावे लपवली नाहीत, हा त्याचा मोठेपणा. पुढे ब्ल्यूम या वनस्पतितज्ज्ञाने अच्युतनच्या नावावरून ‘अच्युडेमिया’ हा वंशही केला.

असे क्वचितच होते. नव्या झाडांच्या कितीतरी शोधांत कुठेतरी एक गुराखी असतो, वनमजूर असतो, ‘साहेब, असलं फूल पलीकडच्या खोऱ्यात हाय’ म्हणणारी मोळीवाली असते. निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्यांना जागा मिळाली, तरी खूप. नियम त्यांच्या नावाला अडवत नाही. एखाद्या सखूबाईवरून ‘सखूबाई’ला लॅटिन शेवट लावून नाव केले, तर ते पवारांच्या किंवा फ्रिअरच्या नावाइतकेच वैध असेल.

माझ्यापुरते विचाराल, तर रामलिंगच्या झुडपाला रामलिंगचे नाव असते तर मला अधिक आवडले असते. फारशा माहीत नसलेल्या छोट्या ठिकाणांची नावे टाळावीत, असे नियमावली सुचवते, पण जाती त्या ठिकाणापुरतीच असेल तर ती सूट देते. डोंगराचे नाव लागले, की डोंगराखालच्या गावाला झाड आपले वाटते. वायतुरा म्हणताना सातारकराच्या आवाजात जो मालकीचा सूर येतो, तो मी ऐकला आहे. पण दुसरी बाजूही मान्य करायला हवी. त्या झुडपाचे नाव ‘रामलिंगेन्सिस’ असते, तर बालाघाटात समुद्रशोकाचा एक अनोळखी भाऊ राहतो, ही बातमी पहिल्या पानावर आली असती का? रहिमतपुरातल्या तुम्हा-आम्हाला ती कळली असती का?

आणि ती कळणे महत्त्वाचे आहे. नाव नसलेल्या झाडाची गणती होत नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ते येत नाही, आणि खाण, रस्ता किंवा पवनचक्कीसाठी डोंगर मोजायला माणसे येतात, तेव्हा त्यांच्या अहवालात ते ‘इतर झुडपे’ म्हणून जाते. नाव असले, की निदान ‘हे झाड इथे आहे’ असे कोणीतरी लिहून देऊ शकते. बालाघाटात वणवा लागतो, गुरे चरतात, मोळ्या निघतात. कपाटातला मूळ नमुना वणव्यात जळत नाही. डोंगरावरच्या झुडपाला पावसाळ्यात पालवी फुटते का, कळ्या धरतात का, हे पाहायला मात्र दर वर्षी कोणालातरी रामलिंगचा डोंगर चढावा लागेल.